‘फाइंडिंग माय कीज’ पुन्हा पुन्हा का येतं? सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी क्रियापदांचा घोळ आणि त्यावरचे उपाय

पाठ केलेला शब्द ऐन वेळी दगा देतो, ही तक्रार माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाची असते. काळ येतात, स्पेलिंग येतात, वाचलेलं समजतं. पण बोलायची वेळ आली की ‘टेल’च्या जागी ‘से’ येतं, ‘लेंड’च्या जागी ‘बॉरो’ येतं, आणि किल्ल्या शोधणारा माणूस ‘आय ॲम फाइंडिंग माय कीज’ म्हणून मोकळा होतो. चूक दाखवली की लगेच पटते. चार दिवस जीभ सांभाळून चालते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गोव्यात ही अडचण एका ठरावीक वाटेने येते. घरात कोंकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून बाकीचे विषय इंग्रजीत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागातल्या कितीतरी मुलांचं शिक्षण असंच झालेलं असतं. इंग्रजी पुस्तकातून भरपूर येतं, कानावरून फार कमी. आणि कामाच्या ठिकाणी तर बोलायचंच असतं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हापासून पेडण्याकडची बरीच मुलं-मुली तिथल्या नाहीतर आसपासच्या हॉटेलांतल्या मुलाखतींची तयारी करत असतात. त्यांचं अडतं ते मोठ्या शब्दांवर नाही. अडतं ते ‘सी’, ‘लुक’, ‘टेल’, ‘टेक’ असल्या चिमुकल्या शब्दांवर.

मूळ कुठे आहे

आपली शब्दांची वही उघडून बघा. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ‘सी’ म्हणजे पाहणे, ‘लुक’ म्हणजे पाहणे, ‘वॉच’ म्हणजेही पाहणे. तिघांपुढे एकच अर्थ लिहिला तर डोक्याने ते वेगवेगळे ठेवायचे तरी कशाच्या आधारावर? बोलताना मनात ‘पाहणे’ येतं आणि तिघांतलं जे आधी हाताला लागेल ते बाहेर पडतं. चूक दुरुस्त करूनही टिकत नाही ती याचमुळे. त्या एका वाक्याची दुरुस्ती होते, वही आहे तशीच राहते.

यावर काहीजण फरकांचे लांबलचक तक्ते पाठ करतात. लेखी परीक्षेत तक्ता उपयोगी पडतो. समोर गिऱ्हाईक उभं असताना त्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण बोलताना मनाशी जेमतेम एक प्रश्न विचारण्याइतकाच वेळ असतो. म्हणून मी प्रश्नच शिकवते, आणि तो प्रश्न इंग्रजी शब्दाला विचारायचा नाही. मनात आलेल्या मराठी वाक्याला विचारायचा. मराठी आपली पक्की आहे, तिथे उत्तर चुकत नाही.

पहिला प्रश्न: वाक्य ‘मला’चं आहे की ‘मी’चं?

घोळाचा सगळ्यात मोठा भाग या एका प्रश्नाने सुटतो, म्हणून इथे थोडं थांबू.

मला डोंगर दिसला. मी डोंगराकडे बघितलं. पहिल्या वाक्यात मी काहीच केलेलं नाही, डोंगर आपण होऊन नजरेला पडला. दुसऱ्यात मान मी वळवली. हा फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही, आणि इंग्रजीतली जोडीही नेमकी याच ठिकाणी वेगळी होते. ‘मला’चं वाक्य ‘सी’कडे जातं, ‘मी’चं ‘लुक ॲट’कडे. मला बेल ऐकू आली, ‘आय हर्ड द बेल’. मी बातम्या ऐकल्या, ‘आय लिसन्ड टू द न्यूज’. मला किल्ली सापडली, ‘आय फाउंड द की’. मी किल्ली शोधली, ‘आय लुक्ड फॉर द की’. मला त्याचं नाव आठवलं, ‘आय रिमेंबर्ड हिज नेम’. मी त्याला आठवण करून दिली, ‘आय रिमाइंडेड हिम’. मला वाटतं, ‘आय थिंक’. मी विचार करतेय, ‘आय ॲम थिंकिंग’.

घरी कोंकणी बोलणाऱ्यांनाही हा प्रश्न तसाच चालतो. माका दिसता, माका आयकूंक येता, माका मेळटा हे एका बाजूला. हांव पळयतां, हांव आयकतां, हांव सोदतां हे दुसऱ्या बाजूला. कोंकणीत एक जागा मात्र सांभाळायला हवी. ‘माका दिसता’ हे नजरेला पडण्यासाठी येतं तसंच मनात आलेल्या मतासाठीही येतं. त्यामुळे आपल्याकडे मत सांगतानाही सर्रास ‘आय फील’ ऐकू येतं. ‘आय फील द बस हॅज गॉन’ असं म्हणू नका. बस गेली असावी हा अंदाज आहे, तिथे ‘आय थिंक’. ‘फील’ राखून ठेवा थंडीसाठी, दुःखासाठी, अंगातल्या कणकणीसाठी.

आता जिथे हा प्रश्न अडखळतो ती जागा. मराठीत आपण ‘पाहिला’ दोन्हीकडे वापरतो. ‘मी काल रस्त्यात गवा पाहिला.’ वाक्य ‘मी’चं दिसतं, पण गवा शोधायला कोणी गेलं नव्हतं. अशा वेळी ते ‘मला’वर फिरवून बघायचं. ‘मला काल रस्त्यात गवा दिसला.’ अर्थ जसाच्या तसा राहिला, म्हणजे ‘सी’: ‘आय सॉ अ गौर’. ‘मी मॅच पाहिली’ हे फिरवून ‘मला मॅच दिसली’ केलं तर भलतंच होतं, जणू रस्त्याने जाताना मैदानावर सहज नजर गेली. तिथे ‘वॉच’ हवं. ज्यात काहीतरी घडतंय किंवा घडू शकतं त्यावर काही वेळ नजर ठेवणं म्हणजे ‘वॉच’. म्हणूनच कदंबा स्टँडवर शेजारच्या बाईंना ‘जरा सामानाकडे बघाल का’ असं म्हणतो तेव्हा इंग्रजीत ‘वुड यू वॉच माय बॅग्ज’ म्हणायचं. ‘लुक ॲट माय बॅग्ज’ म्हटलंत तर त्या बाई एकदा बॅगांकडे बघतील, त्यांत बघण्यासारखं काय आहे ते त्यांना कळणार नाही, आणि बस आली की निघून जातील. सिनेमाला ‘सी’ आणि ‘वॉच’ दोन्ही चालतात, तिथे डोकं शिणवू नका.

याच प्रश्नातून आणखी एक जुनी चूक सुटते, ती ‘इंग’ची. मराठीत ‘मला दिसतंय’, ‘मला ऐकू येतंय’, ‘मला समजतंय’ असं आपण चालू काळात बोलतो, म्हणून तोंडात ‘आय ॲम सीइंग’, ‘आय ॲम हिअरिंग’, ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ येतं. ‘मला’च्या क्रियापदांना इंग्रजीत सहसा ‘इंग’ लागत नाही. मला हवंय, ‘आय वाँट’. मला माहीत आहे, ‘आय नो’. मला आवडतं, ‘आय लाइक’. आणि या क्षणी दिसतंय, ऐकू येतंय असं सांगायचं असेल तर ‘कॅन’ जोडायचं: ‘आय कॅन सी द चर्च फ्रॉम हिअर’.

रिसेप्शनवर काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. फोनवर आवाज तुटतोय, तुम्हाला विचारायचंय, ‘ऐकू येतंय का?’ ते ‘कॅन यू हिअर मी?’ असं विचारायचं. त्याऐवजी ‘आर यू लिसनिंग टू मी?’ गेलं तर पलीकडच्याच्या कानावर पडतं, ‘मी बोलतेय तिकडे लक्ष आहे का तुमचं?’ लाइन खराब असते, पाहुण्याला मात्र वाटतं आपल्याला दटावलं. शब्द दोन्ही सोपे, व्याकरण दोन्ही बरोबर, आणि तक्रार मॅनेजरपर्यंत जाते.

नियमाला अपवाद आहेत. मला झोप येतेय, मला कंटाळा येतोय यांत हळूहळू काहीतरी बदलतंय, म्हणून ‘आय ॲम फीलिंग स्लीपी’, ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’ ठीक आहे. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ हेही बरोबर, कारण तिथे ‘सी’ म्हणजे ठरवून भेटणं, म्हणजे वाक्य ‘मी’चंच झालं. आणि ‘मला तुझी आठवण येते’ हे ‘आय रिमेंबर यू’ नव्हे. ‘आय रिमेंबर यू’ म्हणजे तू कोण ते माझ्या लक्षात आहे. जवळचं माणूस दूर गेलं की ‘आय मिस यू’. तेच ‘मिस’ चुकलेल्या बसलाही लागतं: ‘आय मिस्ड द बस’. ‘लॉस्ट द बस’ म्हटलं तर बस तुमची होती आणि तुम्ही ती कुठेतरी हरवून आलात असं होईल.

शोधण्यावरून विमानतळावर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘सर्च’ आणि ‘सर्च फॉर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘दे सर्च्ड द पॅसेंजर’ म्हणजे प्रवाशाची झडती घेतली. ‘दे सर्च्ड फॉर द पॅसेंजर’ म्हणजे प्रवासी सापडत नव्हता, त्याला शोधलं. हरवलेल्या बॅगेबद्दल बोलताना ‘वी आर सर्चिंग युवर बॅग’ असं सांगितलंत तर बॅगेचा मालक बिथरणारच.

दुसरा प्रश्न: क्रियापदाला लागून कोण येतं, माणूस की वस्तू?

‘से’ आणि ‘टेल’ची भानगड इथे मिटते. ‘टेल’ला लागून लगेच माणूस हवा: ‘टेल मी’, ‘टेल द मॅनेजर’, ‘आय टोल्ड हर’. ‘से’ला लागून बोललेले शब्द येतात: ‘शी सेड शी वॉज टायर्ड’. ‘से’च्या पुढे माणूस आणायचाच असेल तर मध्ये ‘टू’ घालायचं. ‘सेड मी’ आणि ‘टेल टू मी’ ही दोन्ही रूपं वहीतून खोडून टाका. माणसाशिवाय ‘टेल’ येतं असे चार-पाच नेहमीचे वाक्प्रयोग आहेत, ते तेवढे पाठ करा: ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’, ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल द टाइम’.

खरी मेख ‘एक्सप्लेन’ आणि ‘सजेस्ट’मध्ये आहे. मराठीत ‘मला सांग’, ‘मला समजाव’, ‘मला सुचव’ ही तिन्ही एकाच मुशीतली वाक्यं, तेव्हा ‘टेल मी’ बरोबर असेल तर ‘एक्सप्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ही बरोबर असणार असं वाटणं साहजिक आहे. तसं नाही. ही दोन्ही क्रियापदं ‘से’च्या घरातली आहेत, त्यांना लागून वस्तू येते. ‘एक्सप्लेन द बिल टू मी’. ‘सजेस्ट अ गुड प्लेस’. मी शिकणाऱ्यांना सांगते की ‘से’, ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’ एकत्र लिहा, आणि ‘टेल’, ‘आस्क’, ‘रिमाइंड’, ‘इन्फॉर्म’ दुसरीकडे. पहिल्या गटाला लागून गोष्ट, दुसऱ्या गटाला लागून माणूस. ‘आस्क टू हिम’ ही चूकही त्याच झटक्यात जाते.

‘स्पीक’ आणि ‘टॉक’ यांवर वेळ घालवण्याची गरज नाही. भाषेला ‘स्पीक’, गप्पांना ‘टॉक’, बाकी बहुतेक ठिकाणी दोन्ही चालून जातात.

चोरीची तक्रार इंग्रजीत लिहायची वेळ आली तर हाच प्रश्न विचारा. ‘स्टील’ला लागून वस्तू, ‘रॉब’ला लागून माणूस किंवा जागा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाकीट गेलं तर ‘समवन स्टोल माय वॉलेट’. अडवून, धाक दाखवून लुबाडलं तर ‘दे रॉब्ड मी’. बँकेवर दरोडा पडला तर ‘दे रॉब्ड द बँक’. ‘माय वॉलेट वॉज रॉब्ड’ लिहिलं तर लुबाडलं गेलं ते बिचारं पाकीट. आणि ‘आय वॉज स्टोलन’चा अर्थ तर तुम्हालाच कुणीतरी उचलून नेलं असा होतो.

फुटबॉलवेड्या मुलांना तर हे एका दमात कळतं. ‘विन’ला लागून मॅच, कप, बक्षीस. ‘बीट’ला लागून समोरची टीम. आम्ही मॅच जिंकलो, ‘वी वन द मॅच’. आम्ही त्यांना हरवलं, ‘वी बीट देम’. भूतकाळातही ‘बीट’च राहतं, ते बदलत नाही. ‘वी वन देम’ म्हणजे जणू लॉटरीत ती टीमच आपल्याला बक्षीस लागली. आपण हरलो तर ‘वी लॉस्ट टू देम’, आणि यातलं ‘टू’ विसरू नका.

देण्याघेण्याच्या क्रियापदांनाही हाच प्रश्न, फक्त त्याला एक शेपूट जोडायचं: शेवटी वस्तू कुणाच्या हातात जाते? मराठीत ‘उसनं’ हा शब्द तोच राहतो, ‘घेणे’ आणि ‘देणे’ दिशा दाखवतात. इंग्रजीत दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. वस्तू कर्त्याकडे आली की ‘बॉरो’, कर्त्याकडून गेली की ‘लेंड’. ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन’ यात कर्ता समोरचा माणूस आहे आणि पेन त्याच्याकडून जाणार आहे, म्हणजे ‘लेंड’ हवं: ‘कॅन यू लेंड मी युवर पेन’. ‘बॉरो’च वापरायचं असेल तर कर्ता बदला: ‘कॅन आय बॉरो युवर पेन’. ‘कॅन’च्या पुढे ‘आय’ आला की ‘बॉरो’, ‘यू’ आला की ‘लेंड’. मागण्याच्या वाक्यांपुरतं एवढं पुरतं.

भाड्याच्या बाबतीत इंग्रजीने उलटीच तऱ्हा केली आहे. ‘रेंट’ दोन्ही दिशांना चालतं, आणि गोव्यात ते रोज लागतं. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा नंबर असलेली स्कूटर पाहुणा भाड्याने घेतो तेही ‘रेंट’ आणि मालक भाड्याने देतो तेही ‘रेंट’. ‘आय रेंट स्कूटर्स’ एवढंच म्हटलं तर तुम्ही मालक की गिऱ्हाईक हे कळत नाही. मालकाने ‘रेंट आउट’ म्हणावं: ‘वी रेंट आउट स्कूटर्स’. गिऱ्हाइकाच्या वाक्यात ‘फ्रॉम’ येतं: ‘आय रेंटेड धिस फ्रॉम अ शॉप इन कळंगुट’. खोली भाड्याने देणाऱ्यांनाही हेच लागू.

पोतडीतली क्रियापदं: लावणे, काढणे, ठेवणे, सोडणे

या चौघांपुढे वरचे दोन्ही प्रश्न लंगडे पडतात. इथे क्रियापद विसरायचं आणि नाम बघायचं. मराठीत दारही लावतात आणि दिवाही लावतात, पण दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की चालू होतो. इंग्रजीत दार ‘क्लोज’, दिवा ‘टर्न ऑन’. गाडी लावली, ‘पार्क्ड’. मलम लावलं, ‘अप्लाइड’. गजर लावला, ‘सेट’. माड लावला, ‘प्लांटेड’. ‘लावणे’ला एक इंग्रजी शब्द शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. ‘क्लोज द फॅन’ ही चूकही इथूनच येते. वीज किंवा मशीन असेल तर ‘टर्न ऑन’ आणि ‘टर्न ऑफ’, झाकण-दार-खिडकी असेल तर ‘ओपन’ आणि ‘क्लोज’.

‘काढणे’चंही तसंच. चपला ‘टेक ऑफ’, फोटो ‘टेक’, चित्र ‘ड्रॉ’, बँकेतले पैसे ‘विथड्रॉ’.

‘ठेवणे’ जरा बघण्यासारखं आहे. बॅग टेबलावर ठेव, ही एका क्षणाची हालचाल, म्हणून ‘पुट’. माझी बॅग संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे ठेव, हे काही वेळ चालणारं, म्हणून ‘कीप’. ‘कीप इट ऑन द टेबल’ भारतात सगळीकडे बोललं जातं, आपल्यात ते कुणाला खटकत नाही. परदेशी पाहुण्याला मात्र ते ‘तिथेच असू दे, हलवू नका’ असं ऐकू येतं, आणि वस्तू अजून त्याच्या हातात असेल तर तो गोंधळतो.

टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी ‘सोडणे’. मी तुम्हाला विमानतळावर सोडतो, ‘आय विल ड्रॉप यू ॲट द एअरपोर्ट’. तिथे ‘लीव्ह’ आलं तर टाकून निघून जाणार असल्यासारखं वाटतं. न्यायला येतो, ‘आय विल पिक यू अप’. नोकरी सोडली, ‘लेफ्ट द जॉब’. सिगारेट सोडली, ‘गेव्ह अप’ किंवा ‘क्विट’. आणि निघताना आपण ‘येतो हां’ म्हणतो त्याचं ‘आय ॲम कमिंग’ करू नका. ऐकणारा तुमची वाट बघत उभा राहील. ‘आय ॲम लीव्हिंग, सी यू टुमॉरो’ असं म्हणा.

बुडणे, किनाऱ्यावरची गोष्ट

एका जोडीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण तिथे चूक झाली तर ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

मराठीत माणूस बुडतो, होडी बुडते, सूर्यही बुडतो. इंग्रजीत होडी ‘सिंक’, सूर्य ‘सेट’, आणि माणूस ‘ड्राउन’. एवढं वहीत लिहून बहुतेक जण पुढे जातात. पण ‘ड्राउन’मध्ये आणखी एक गोष्ट आहे. मराठीत ‘तो बुडाला, पण लोकांनी त्याला वाचवलं’ हे वाक्य सरळ आहे. बुडणं म्हणजे पाण्याखाली जाणं, त्यानंतर वाचवता येतं. रोजच्या इंग्रजीत ‘ही ड्राउन्ड’ म्हटलं की माणूस गेला. त्यापुढे ‘बट दे सेव्ह्ड हिम’ जोडताच येत नाही.

आता समजा तुम्ही किनाऱ्यावर जीवरक्षक आहात किंवा शॅकवर काम करता. पाहुण्याचा मुलगा लाटेत सापडला, ओढला गेला, आणि जीवरक्षकांनी त्याला बाहेर काढलं. मुलगा वाळूवर बसून खोकतोय, शुद्धीवर आहे. आई हॉटेलात आहे आणि तुम्हाला तिला फोन करायचाय. ‘युवर सन ड्राउन्ड’ हे शब्द गेले तर पुढचं ऐकण्याच्या स्थितीत ती राहणार नाही. म्हणायचं असं: ‘युवर सन इज सेफ. ही वॉज इन ट्रबल इन द वॉटर, द लाइफगार्ड्स गॉट हिम आउट’. सेफ आधी, बाकी नंतर. नंतर अहवाल लिहिताना ‘ही वॉज ड्राउनिंग अँड वॉज रेस्क्यूड’ किंवा ‘ही निअर्ली ड्राउन्ड’ असं लिहा. इथे ‘इंग’ असणं-नसणं म्हणजे जगणं-मरणं आहे. ‘वॉज ड्राउनिंग’ म्हणजे बुडत होता, अजून आशा होती. ‘ड्राउन्ड’ म्हणजे संपलं. किनाऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून तोंडात बसवून ठेवावीत.

करणे, आणि दुसऱ्याकडून करवणे

‘डू’ आणि ‘मेक’ला कुठलाही प्रश्न पूर्णपणे पुरत नाही हे आधीच सांगते. साधारणपणे काम उरकायचं असेल तर ‘डू’, आधी नव्हतं असं काही तयार झालं तर ‘मेक’: ‘डू द होमवर्क’, ‘मेक टी’. पण ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक अ डिसिजन’, ‘मेक अ कॉल’, ‘डू अ फेव्हर’, ‘डू बिझनेस’ या जोड्या जशा आहेत तशा घोकाव्या लागतात.

करवण्याची क्रियापदं मात्र मराठीवरून छान सुटतात. ‘करायला लावलं’ म्हणजे ‘मेड’, ‘करू दिलं’ म्हणजे ‘लेट’, ‘करून घेतलं’ म्हणजे ‘गॉट इट डन’. बाबांनी मला पोहायला लावलं, ‘ही मेड मी स्विम’. बाबांनी मला पोहू दिलं, ‘ही लेट मी स्विम’. दोन्हींत ‘टू’ येत नाही, ‘मेड मी टू स्विम’ नको. करून घेतलं हे आपण बोलताना पुष्कळदा गाळतो. न्हाव्याकडे जाऊन आलो तरी ‘केस कापले’ म्हणतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणा.

वही कशी बदलायची

जुन्या वहीतली एका शब्दासमोर एक अर्थ ही मांडणी बंद करा. त्याऐवजी आख्खं मराठी वाक्य लिहा, आपल्या रोजच्या बोलण्यातलं, आणि त्याखाली आख्खं इंग्रजी वाक्य. ‘मी चष्मा शोधतेय’ खाली ‘आय ॲम लुकिंग फॉर माय ग्लासेस’. लगेच त्याच्याखाली जोडीचं दुसरं: ‘मला चष्मा सापडत नाही’, ‘आय कान्ट फाइंड माय ग्लासेस’. दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक. ज्या जोडीत तुमची चूक होते तेवढ्याच जोड्या लिहा, सगळ्या नकोत. वाचताना ओठ हलले पाहिजेत. नुसतं डोळ्याने वाचलेलं क्रियापद डोळ्यातच राहतं, तोंडात उतरत नाही.

घरात कुणी नववी-दहावीचं असेल तर त्याने मराठी वाक्य म्हणायचं आणि तुम्ही न थांबता इंग्रजी म्हणायचं. थांबलात तर ती जोडी अजून कच्ची आहे.

दुरुस्ती झाली का, ते तपासा

खालची वाक्यं कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि लागलीच इंग्रजीत म्हणा.

मला बाहेर कुणाचा तरी आवाज ऐकू येतोय. त्याने मला खरं सांगितलं. मला तुझी छत्री देशील का? मला सात वाजता आठवण करून दे. दार लाव आणि दिवा लाव. आम्ही त्यांना हरवलं, पण कप जिंकलो नाही. आईने मला औषध घ्यायला लावलं. होडी बुडाली, पण कुणी बुडालं नाही.

आता उत्तरं. ‘आय कॅन हिअर समवन आउटसाइड’, ‘ॲम हिअरिंग’ आलं असेल तर पहिला प्रश्न पुन्हा वाचा. ‘ही टोल्ड मी द ट्रुथ’. ‘कॅन यू लेंड मी युवर अंब्रेला’ किंवा ‘कॅन आय बॉरो युवर अंब्रेला’, दोन्हींपैकी कुठलंही चालेल, कर्ता आणि क्रियापद जुळलं म्हणजे झालं. ‘रिमाइंड मी ॲट सेव्हन’. ‘क्लोज द डोअर अँड टर्न ऑन द लाइट’. ‘वी बीट देम, बट वी डिडन्ट विन द कप’. ‘माय मदर मेड मी टेक द मेडिसिन’, ‘टेक’च्या आधी ‘टू’ घातलं असेल तर खोडा. शेवटचं, ‘द बोट सँक, बट नोबडी ड्राउन्ड’. सात बरोबर येऊन एकच चुकलं तरी त्या एकाचीच जोडी वहीत लिहा, उरलेल्या सातांना हात लावू नका.